उजव्या हाताची सही

पपा, घरात आम्ही तुला ‘तू’च म्हणायचो. शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं की वडिलांना पत्र लिहिताना ‘तुम्ही’ लिहायचं, म्हणून तू पलटणीत असताना मी तुला चार-पाच पत्रं ‘तुम्ही’ घालून लिहिली. सुट्टीवर आल्यावर तू मला जवळ बोलावून विचारलंस, “ते तुमी कोण गो? मी तर त्याला वळखत नाय.” म्हणून आजही तूच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझं वय मी कधीच मागे टाकलं. आता मी बँकेतून निवृत्त झाले आहे. आयुष्यभर काय काम केलंस म्हणून विचारशील, तर लोकांच्या सह्या तपासल्या. चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी ठेवायची, जुळली नाही तर माणसाला परत पाठवायचं. नव्या लागलेल्या मुली विचारायच्या, “मॅडम, खोटी सही तुम्हाला एका नजरेत कशी कळते?” मी हसून चहा मागवायचे. त्यांना काय सांगणार, की तेराव्या वर्षी मी स्वतः खोटी सही करताना पकडली गेले होते, आणि तीही अशा सहीसाठी की जी एखाद्या आंधळ्यालाही कळली असती.

एकाहत्तरच्या युद्धात तुझा उजवा हात गेला. पुण्याच्या लष्करी इस्पितळातून तू गावी गिरीजला परत आलास तेव्हा केळीच्या वाडीत पानांचे नवे पोंगे सुटले होते, एवढं मला आठवतं, कारण पहिले कितीतरी दिवस तू विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्यांच्याकडेच बघत असायचास. लोक यायचे. कोणी अंडी आणायचं, कोणी घरचा पाव. तुझी लांब बाही कोपराजवळ दुमडून आईने सेफ्टी पिन लावलेली असायची, आणि येणारा प्रत्येक जण बोलायचा तुझ्याशी, बघायचा मात्र त्या पिनेकडे. तू सगळ्यांशी नीट बोललास, चेष्टाही केलीस. फक्त कागद पुढे आला की तू उठून जायचास. गावाला याचं फार आश्चर्य वाटलं, कारण अख्ख्या आळीचे अर्ज तू लिहायचास. आपल्या देवळाच्या, चर्चच्या, सणाला कापडी फलकावरची मोठी अक्षरं तुझीच असायची, आणि फादर सगळ्यांना सांगायचे की छापखान्यालाही असं जमणार नाही. आता सणाला कोणीतरी दुसऱ्याने अक्षरं काढली. ती बघायलासुद्धा तू बाहेर आला नाहीस.

पेन्शन आणायला तू वसईला बँकेत जायचास. एकदा मला सोबत नेलंस आणि तिथे मी पाहिलं, की तू डाव्या हाताचा अंगठा लावलास. मॅट्रिक झालेला माझा बाप, आणि बँकेतला शिपाई त्याचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबत होता. मला रडू फुटलं. घरी आल्यावर मी आईला सांगितलं, आई तुला म्हणाली, डाव्या हातान् शिका आता सही, लोक शिकतात. तू म्हणालास, “वाकड्या सहीपेक्षा अंगठा बरा. अंगठा कदी वाकडा येत नाय.” आई हसली आणि तू जिंकलास. असं हसवून जिंकायची तुझी खोड फार जुनी.

मग एक दिवस तू माळ्यावरून गळ काढलास. आजोबांच्या हातची ती बांबूची काठी, तिला नवी दोरी, नवा आकडा. गावच्या तळ्यावर जाऊन तू चिंचेखाली बसायला लागलास. काठी डाव्या हातात छान बसायची, मासा लागला की झटका द्यायलाही एक हात पुरायचा. पण आकड्याला आमिष लावायला दोन हात लागतात. एक आकडा धरायला, एक गांडूळ ओवायला. तो दुसरा हात मी झाले. शाळा सुटली की केळीच्या पाटातली ओली माती उकरून मी गांडुळं करवंटीत भरायचे आणि तळ्यावर पळायचे. मरळ लागली की तू “आली गो, आली!” असं ओरडायचास, आणि त्या ओरडण्यात तू पुन्हा आमचा पूर्वीचा पपा असायचास. आई आमच्या हातांच्या वासाने वैतागायची. “मिस्साला जाताना तरी हात धू गो, फादर ओस्तीचा प्रसाद देतात का गांडुळाला?” असं तिचं दर रविवारचं बोलणं. पण त्या दिवसांत तीही गुणगुणत मसाला वाटायची. तू जेवणाला बसून दुसऱ्यांदा भात मागायला लागला होतास. त्याआधी किती तरी महिने तू कशासाठीच पुन्हा हात पुढे केला नव्हतास.

दोन वर्षं असं चाललं. मग पंचायतीने तळ्यात माशांची पिल्लं सोडली आणि गळ टाकायला परवाना लावला. तळ्याचा राखण्या खाडीकडच्या गावचा, भला माणूस. तो आपल्याजवळ येऊन उभा राहिला आणि पाय घासत म्हणाला, “दादा, रागावू नका. आता परवान्याबिगर कोनाला पान्यात गळ टाकू देवाचा नाय असा हुकूम हाय. पन तुमाला काय, लढाईत जायबंदी झालेल्या जवानाला अर्धी फी हाय. फारम भरायचा नि सही करायची, झाला.” तू काठीला दोरी गुंडाळलीस. घरी आल्यावर आईने विचारलं, तेव्हा म्हणालास, “मासे काय मला अर्धे लागणार हायेत? मग पैसे अर्धे कशाला?” आई म्हणाली, मग पूर्ण भरा. त्यावर तू म्हणालास की बघू. ते ‘बघू’ पावसाळा गेला तरी तसंच राहिलं. गळ परत माळ्यावर गेला आणि तू परत विहिरीच्या कट्ट्यावर. चुलीजवळ आई आता गुणगुणत नव्हती. भात तू एकदाच वाढून घ्यायचास.

तेव्हा मला वाटायचं, तुला सवलतीचा राग आहे. सगळ्या गावालाही तसंच वाटायचं, आणि ‘जवान आहे, मानी आहे’ असं लोक कौतुकाने म्हणायचे. आज मला तसं वाटत नाही. पैसे पूर्ण असोत की अर्धे, फॉर्मवर सही करावी लागणार होती, आणि तीही आपल्या पंचायतीत, जिथे बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या घरी तुझ्या अक्षरातला एकतरी अर्ज होता. वसईच्या बँकेत तुला ओळखणारं कोणी नव्हतं, तिथे अंगठा चालला. इथे अंगठाही लावता येईना आणि वाकडी सहीही करवेना. एवढ्यासाठी तू तळं सोडून द्यायला तयार झालास. मी तुझ्यावर किती चिडले होते ते तुला माहीत नाही. तू असा हरलास कसा, असं मला वाटायचं, आणि तसं वाटल्याबद्दल मी कन्फेशनमध्ये जाऊन सांगितलंही होतं.

मग मी माझ्या अकलेप्रमाणे मार्ग काढला. पंचायतीतून फॉर्म आणला. नाव, गाव, घर नंबर सगळं सुवाच्य भरलं. ‘अपंगत्वाचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं, ‘उजवा हात कोपरापासून नाही.’ आणि खाली सहीच्या जागी तुझी सही केली. तुझी सही मला लहानपणापासून पाठ होती. तू पलटणीतून पाठवलेल्या प्रत्येक पत्राखाली ती असायची, आडनावाच्या शेवटच्या अक्षरातून निघून मागे वळणारी लांब शेपटी, तिच्याखाली दोन टिंबं. तू नसताना मी ती वहीच्या मागच्या पानावर काढत बसायचे. त्या दिवशी ती इतकी हुबेहूब आली की मी स्वतःवरच खूश झाले. फॉर्म दुमडून पंचायतीच्या पेटीत टाकला आणि उड्या मारत घरी आले. पपा, तुझी सही तुझ्या उजव्या हाताची आहे, आणि तो हात नसल्याचं मीच दोन ओळी वर लिहून ठेवलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या मनात तुझी सही आणि तू यांच्यात काही तुटलंच नव्हतं.

चार दिवसांनी राखण्या आपल्या दारात. “दादा, तुमाला हापिसात बोलावलाय. फारमाचा काय तरी घोल हाय.” तू विचारलंस, कसला फारम? राखण्याने माझ्याकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी उंबऱ्यावर बसून भोकाड पसरलं. हुंदके देत सगळं सांगितलं. मला वाटलं तू मारशील. तू कधी मारलं नव्हतंस, पण आज मारशील असं वाटलं. तू आत गेलास. बराच वेळ ट्रंकेचा आवाज येत राहिला. बाहेर आलास तो पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, पलटणीतून सुटल्याचं पुस्तक बगलेत धरून. आईने पिन लावायला हात पुढे केला तर म्हणालास, “ऱ्हावदे तशीच.” बाही मोकळी सोडून तू माझ्याकडे वळलास. “चल गो. सही तू केलीस ना? मग चल.”

वाडीच्या बांधावरून मी तुझ्या मागून चालते आहे. तुझी मोकळी बाही वाऱ्यावर हलते आहे आणि मी मनात सगळ्या संतांना एकेक मेणबत्ती कबूल करते आहे. पंचायतीत ग्रामसेवक बसला आहे, घाटावरचा, नवा, चष्मेवाला. बाकावर गावातली पाच-सहा माणसं, कोणी दाखल्यासाठी, कोणी उगाच. ग्रामसेवक उठून उभा राहतो, तुला खुर्ची देतो, आणि फॉर्म पुढे ठेवतो. “साहेब, गैरसमज नको. यात लिहिलंय उजवा हात नाही. आणि सही बघा, मोत्यासारखी. सही खरी म्हणावी तर हात आहे, आणि हात नाही म्हणावं तर सही खोटी. मी पुढे काय पाठवू?” त्याचं काही चुकत नव्हतं. पुढे मीही लोकांना याच सुरात परत पाठवलं.

तू फॉर्म हातात घेतलास. किती तरी वेळ त्या सहीकडे बघत राहिलास. मग म्हणालास, “सही माझीच हाय.”

“कधी केली?”

“हात होता तवा.”

ग्रामसेवकाने चष्मा काढला. “साहेब, हा फॉर्म या वर्षी छापून आलाय.”

बाकावरचा एक म्हातारा आधी हसला. मग दुसरा. आणि मग पपा, तू हसलास. इस्पितळातून आल्यापासून तू आम्हाला हसवत होतास, पण स्वतः असा पोट धरून हसताना मी तुला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हसता हसता तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तू मोकळ्या बाहीने पुसलंस. ग्रामसेवकही हसला. त्याने हळूच शाईचा पॅड तुझ्याकडे सरकवला. “बरं, असू दे. इथे माझ्यासमोर अंगठा लावा, मी मंजूर करतो.” त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं होतं. तुझा अंगठा पॅडवर गेलाही. आणि तिथेच थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस, मग बाकावरच्या माणसांकडे. अंगठा तू पॅंटला पुसलास आणि म्हणालास, “पेन द्या.”

ती सही करायला तुला किती वेळ लागला म्हणून सांगू! तू पेन मुठीत धरलंस, मग बोटांत धरलंस. कागद सरकायला लागला तर ग्रामसेवकाने दोन बोटांनी त्याचा कोपरा दाबून धरला. पहिलं अक्षर उभंच राहीना. दुसरं रेघेच्या खाली उतरलं. आडनावापर्यंत येताना तुझ्या कपाळावर घाम आला होता, आणि बाकावरची माणसं माना पुढे काढून बघत होती. कोंबडीने पाय ओढत जावं तसं काहीसं कागदावर उमटलं. शेपटी तू काढायला गेलास आणि ती भलतीकडेच गेली. दोन टिंबं मात्र तू नीट दिलीस, जोर देऊन. मग पेन खाली ठेवलंस आणि श्वास सोडलास.

ग्रामसेवकाने वरची सही खोडायला पेन उचललं. तू म्हणालास, “ती ऱ्हावद्या. वर ती, खाली ही.” त्याने थोडा विचार केला आणि बाजूला लिहिलं, ‘अर्जदाराची सही बदलली आहे.’ त्याखाली स्वतःची सही, तारीख, शिक्का. परवान्यावर ‘परवानाधारकाने स्वतःच गळ टाकावा, दुसऱ्यास परवानगी नाही’ असं छापलेलं होतं. ते वाचून तू म्हणालास, आमिष लावायला पोरगी लागते. त्याने तेही लिहून दिलं, ‘आमिष लावणेकामी मुलगी सोबत राहील.’ माझं नाव कुठल्याही सरकारी कागदावर तोपर्यंत आलं नव्हतं आणि तिथेही आलं नाही, पण मी परवान्यावर होते. फी अर्धी घेतली. निघताना तू ग्रामसेवकाला विचारलंच, “मासे काय अर्धे लागणार?” बाकावरचा म्हातारा म्हणाला, “अरे, हाताएवढे लागू दे, म्हणजे झालं,” आणि परत सगळे हसले. बाहेर आल्यावर तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस. मला वाटतं तीच माझी शिक्षा होती.

त्या संध्याकाळी गळ माळ्यावरून उतरला. तू तळ्याकाठी बसलास आणि मी गांडूळ ओवायला लागले, तर तू म्हणालास, थांब, बघू जरा. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, एक तुकडा आणून तू तो मांडीखाली धरलास, आकड्याचा मागचा दांडा त्यात रोवलास, आणि एका हाताने गांडूळ त्यावर ओवलंस. तिसऱ्या खेपेला जमलं. मला एकदम वाईट वाटलं, आता माझी गरज संपली म्हणून. तू ते ओळखलंस की काय कोण जाणे, पण म्हणालास, “परवान्यावर लिवलंय पोरगी सोबत. नाय आलीस तर माझा परवाना रद्द होल.” मग मॅट्रिकपर्यंत मी येत राहिले.

त्यानंतर तू पाटी आणलीस. लहान मुलांची, लाकडी चौकटीची. दुपारी जेवण झालं की ओट्यावर बसून तू डाव्या हाताने गिरवायचास. वर्षभराने बँकेत अंगठा बंद झाला. पुढच्या एका सणाला फलकावर तुझी अक्षरं परत आली, आता जरा डावीकडे झुकलेली, आणि फादर म्हणाले की ही छापखान्याला मुळीच जमणार नाहीत. माझ्या बँकेच्या नोकरीच्या कागदांवर जामीन म्हणून तुझी सही आहे, लग्नाच्या वेळी देवळाच्या रजिस्टरात आहे. त्या सहीत पुढे पुढे इतका डौल आला की जुनी सही मला आठवायला पत्रं काढावी लागतात. लोकांना मी हे सगळं अभिमानाने सांगते. एका सहीने माझ्या बापाचं तळं परत मिळवलं म्हणून सांगते. ऐकणारे म्हणतात, काय मुलगी होतीस.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. नोव्हेंबरात सगळे कबरीवर फुलं ठेवायला जातात, तेव्हा हेही ठेवावं असं मनात आलं होतं, पण तिथला झाडूवाला वाचत बसेल आणि गावभर करेल. शिवाय मला एक गोष्ट सांगायची आहे, ती फक्त तुलाच. परवाना मिळाल्यावर दोन महिन्यांनी माझं सहामाहीचं प्रगतिपुस्तक आलं. तू रोज विचारायचास, मिळालं का गो? मी म्हणायचे, अजून नाय. ते मिळालं होतं, पपा. त्यावर मी पुन्हा तुझी जुनी सही केली आणि सिस्टरकडे परत दिलं, कारण त्या वाकड्या सहीकडे बघून वर्गातल्या मुली काय म्हणतील याची मला लाज वाटली. मी कितीतरी वर्षांनी आईला हे सांगितलं, तेव्हा ती भांडी घासताना थांबली. म्हणाली, पाटी त्यांनी सणासाठी नाय आणली, बँकेसाठी पण नाय. तुझ्या पुस्तकावर पहिली सही करायची म्हणून आणली होती.